गाडीचं सस्पेन्शन बदलायचंय? आधी तक्रार ठरवा, मग पार्ट शोधा

शॉकअप (म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर), लोअरिंग स्प्रिंग, कॉइलओव्हर, लिफ्ट किट, स्पेसर, बफर... या बाजारात नवीन माणूस शिरला की पहिला प्रश्न हाच असतो, "यातलं बेस्ट कुठलं?" आणि त्याला उत्तर नाहीये. सस्पेन्शनमध्ये प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी बदल्यात मिळते, वळणावर गाडी कमी झुकायला हवी असेल तर खड्डा थोडा जास्त जाणवणार, भरलेली गाडी मागे बसायला नको असेल तर एकट्याने चालवताना मागची बाजू कडक लागणार. त्यामुळे स्वतःला विचारायचा प्रश्न हा, की माझी गाडी नेमकं काय करते जे मला नकोय? हे उत्तर पक्कं झालं की अर्धे पर्याय आपोआप गळतात आणि बरेच पैसे वाचतात. इथे मुख्यतः आपल्याकडच्या हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्ही डोक्यात ठेवून लिहितोय, थार-जिम्नीवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय.

पहिली पायरी: तक्रार लिहून काढा

खरंच लिहा, फोनच्या नोट्समध्ये का होईना. कुठल्या रस्त्यावर, किती स्पीडला, गाडीत किती माणसं असताना काय होतं. कारण "सस्पेन्शन बेकार आहे" या एका वाक्यात पाच वेगळे आजार लपलेले असतात.

हायवेवर पुलाच्या जॉइंटवरून गेल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन शांत व्हायला पाहिजे, ती दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप ढिले झालेत. छोट्या खड्ड्यातसुद्धा दाणकन आवाज येऊन मणक्यापर्यंत जाणवतं, तर आधी टायरमधली हवा बघा, मग टायरची साइज, मग बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला की मार झेलणारं रबर) आणि टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारा रबरी भाग). फक्त गावी जाताना, पाच माणसं आणि डिकी भरून सामान असतानाच मागून गाडी बसते आणि स्पीडब्रेकरला खालून लागते, तर विषय स्प्रिंगचा आहे. आंबोली किंवा ताम्हिणीत गाडी एका बाजूला झुकते, वळण संपल्यावर सावकाश सरळ होते आणि मागे बसलेल्यांना मळमळतं, तर शॉकअप आणि अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं कमी करणारी डावी-उजवी बाजू जोडणारी दांडी. आणि बारीक खडीवरून जाताना खडखड खडखड असा आवाज येत असेल तर तुम्हाला अपग्रेड नकोय, रिपेअर हवंय, बहुतेक वेळा ती लिंक रॉड (अँटी-रोल बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी) असते आणि ती स्वस्तात बदलून होते.

दुसरी पायरी: आहे ते तपासा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मला सगळ्यात महत्त्वाची हीच वाटते. ७०-८० हजार किमी झालेल्या गाडीचं मूळ सस्पेन्शन कसं होतं हे तिच्या मालकाला आता आठवतच नसतं, कारण शॉकअप एका दिवसात मरत नाहीत, ते इतके हळूहळू ढिले होतात की आपण त्या डुलण्याला सरावतो. मग महागडा सेट टाकला की वाटतं केवढा फरक पडला, पण त्यातला मोठा वाटा नुसतं जुनं जाऊन नवीन आल्याचा असतो, आणि तेवढा फरक कंपनीच्याच नवीन शॉकअपनेही पडला असता.

तर गाडी लिफ्टवर घ्या आणि मिस्त्रीच्या बाजूला स्वतः उभे राहा. शॉकअपच्या बॉडीवर तेल ओघळलंय का (नुसता धुळीचा पातळ थर चालतो, ओला ओघळ नाही), लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बूश, म्हणजे सांध्यातली रबरं, फाटलेत का, बॉल जॉइंट पट्टीने हलवल्यावर खेळतो का, लिंक रॉड ढिली आहे का, शॉकअपचं रबरी धूळ-कव्हर जागेवर आहे का, बंप स्टॉपचा भुगा झालाय का. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना पुढून टुक-टुक किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो तो स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या एकत्र जोडणीच्या) वरच्या बेअरिंगचा असू शकतो. टायरवर हात फिरवा, रबर ठिकठिकाणी खोलगट झिजलं असेल तर शॉकअप थकल्याची ती चांगली खूण आहे. बॉनेट दाबून सोडून बघायची जुनी टेस्ट आहे, ती पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही, तिच्यावर विसंबू नका.

आणि टायर! ड्रायव्हरच्या दाराजवळ जो स्टिकर असतो त्यावर लिहिलेली हवा भरा, पंपावरचा पोरगा सगळ्यांना ३५ भरतो म्हणून आपणही ३५ घ्यायची नाही. कोणी मोठे अलॉय आणि पातळ साइडवॉलचे टायर टाकले असतील तर त्या कडकपणाचं खापर शॉकअपवर फोडू नका, टायर हीच सस्पेन्शनची पहिली पायरी आहे आणि रिम जड झाली की शॉकअपला जास्त वजन आवरावं लागतं.

स्प्रिंग आणि शॉकअप, कोण काय करतं

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्डा गिळते. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची उसळी जिरवतो, आत तेल असतं, पिस्टन हलला की ते तेल बारीक व्हॉल्व्हमधून ढकललं जातं आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. म्हणून खराब रस्त्यावर तासभर चालवल्यावर शॉकअपला हात लावलात तर तो गरम लागतो. साध्या ट्विन-ट्यूब शॉकअपमध्ये सतत हादरे बसले की तेलात फेस होतो आणि पकड कमी होते, मोनोट्यूबमध्ये नायट्रोजन गॅस जास्त दाबाने भरलेला असतो आणि तो तेलापासून तरंगत्या पिस्टनने वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे फेस होत नाही आणि बाहेरची नळी थेट हवेत असल्यामुळे गारही लवकर होतो. मोनोट्यूबची दुसरी बाजू अशी की किंमत जास्त, कमी स्पीडला थोडा कडक वाटू शकतो, आणि नळीला दगडाने चेपा पडला तर पिस्टन तिथेच अडकतो.

स्प्रिंगचं गणित एकदा डोक्यात बसवून घ्या. तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून १२ मिमीची तार १३ मिमी केली की स्प्रिंग साधारण ३८ टक्के कडक होते. एक मिमीत एवढं! म्हणून "जरासं जाड वायर आहे साहेब, काही फरक नाही पडत" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. स्प्रिंग ३८ टक्के कडक झाली तर तिची उसळी जिरवायला शॉकअपही तसाच लागतो, मूळ शॉकअप त्या कामासाठी बनलेलाच नाही, मग गाडी कडक पण असते आणि उड्या पण मारते, दोन्हीकडून नुकसान.

तिसरी पायरी: पर्याय, आणि कोणी काय घ्यावं

सगळ्यात आधी ज्याच्याबद्दल कोणी रील बनवत नाही तो पर्याय, कंपनीचेच नवीन शॉकअप. चारही नग, सोबत नवीन टॉप माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप, धूळ-कव्हर. आपल्याकडे मूळ गाड्यांना शॉकअप पुरवणाऱ्या कंपन्यांचा माल बाहेरच्या दुकानातही मिळतो, गॅब्रिएल त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव, चाकणच्या बाजूला कुरुळीलाच त्यांचा कारखाना आहे. घर ते ऑफिस, महिन्यातून एखादी गावची चक्कर, असा ज्यांचा वापर आहे त्यांनी इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेल्या पैशात चांगले टायर घ्या, फरक जास्त पडेल.

दुसरा पर्याय, मूळ उंची आणि मूळ स्प्रिंग तशीच ठेवून चांगला शॉकअप. हायवेवर सतत फिरणारे, घाटात गाडी आवडीने चालवणारे, यांच्यासाठी मला हाच सगळ्यात शहाणपणाचा अपग्रेड वाटतो. बिलस्टाइन या शॉकअप कंपनीच्या नावांत नवीन माणूस हमखास गोंधळतो म्हणून सांगतो: बी४ म्हणजे मूळ शॉकअपच्या जागी तसाच बसणारा, बी६ म्हणजे मूळ उंचीसाठीच पण जास्त ताकदीचा, बी८ म्हणजे खाली केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला, आणि बी१२ म्हणजे शॉकअप आणि आयबाखची लोअरिंग स्प्रिंग असा जोडीचा किट. मूळ स्प्रिंगवर बी८ बसवायचा नाही, दुकानदाराकडे तोच शिल्लक असला तरी. कोनी या दुसऱ्या कंपनीत पिवळा स्पोर्ट असतो ज्याचा रिबाउंड (दाबलेला शॉकअप परत उघडतानाचा कडकपणा) ॲडजस्ट होतो, आणि स्पेशल ॲक्टिव्ह असतो जो बारीक-भरभर हादऱ्यांना मऊ राहतो आणि संथ डुलण्याला कडक. हे तंत्र मुळातच घेऊन येणाऱ्या गाड्या आपल्याकडे आहेत, रांजणगावला बनणाऱ्या जीप कंपासमध्ये आहे, एक्सयूव्ही७०० मध्ये आहे, त्यामुळे फरक कसा जाणवतो ते बघायला ओळखीत कोणाची असेल तर एक चक्कर मारून या. अडचण अशी की मारुती-ह्युंदाईच्या इथल्याच मॉडेलांसाठी या बाहेरच्या ब्रँडचा माल प्रत्येक वेळी मिळत नाही. पोलो किंवा ऑक्टाव्हियासारख्या युरोपातही विकल्या गेलेल्या गाड्यांना पर्याय जास्त मिळतात, तरी पार्ट नंबर आपल्याच मॉडेलचा आणि वर्षाचा आहे ना, हे बघावंच लागतं.

तिसरा, लोअरिंग स्प्रिंग. दिसायला गाडी फार छान होते हे मान्य. पण हिशोब मांडा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, ३० मिमी खाली केली तर १३३ उरला, तोही गाडी रिकामी असताना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तो चढायला सोपा आहे, पण आपल्या गल्लीत लोकांनी रातोरात उठवलेला उंच अरुंद डोंगर या नियमात कुठे बसतो? त्यात सस्पेन्शनची वर जायची जागाही तेवढीच कमी होते, मग खड्ड्यात शॉकअप लगेच बंप स्टॉपवर आदळतो आणि लोकांना वाटतं स्प्रिंग कडक आहे. पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून बघितल्यावर चाकाचं तोंड आत की बाहेर) बदलतो आणि अलाइनमेंट केली नाही तर टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो. आपल्या बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा बीम) असतो, तिथे ॲडजस्टमेंटची सोयच नसते. करायचंच असेल तर २० ते ३० मिमीच्या पुढे जाऊ नका, नावाजलेल्या कंपनीची स्प्रिंग घ्या, आणि तिच्याशी जुळणारा आखूड शॉकअप सोबतच घ्या. मूळ स्प्रिंग ग्राइंडरने कापून गाडी खाली करणं हा पर्यायच नाही, कापलेलं टोक सीटवर नीट बसत नाही आणि चाक हवेत गेलं की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जुळवलेला सेट, बहुतेकांची उंची आटे फिरवून बदलता येते आणि चांगल्यांत कडकपणाही क्लिकने बदलतो. ट्रॅकवर जाणारे, कोइम्बतूरच्या कारी किंवा चेन्नईच्या रेस ट्रॅकवर जाऊन गाडी पळवणारे, त्यांचं हे सामान आहे. रोजच्या वापराला घेऊ नका असं म्हणत नाही, पण लाखाच्या घरातला खर्च आहे आणि देखभाल मागतो, विशेषतः कोकणात. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसात ते आटे जाम होतात, दर पावसाळ्याआधी धुवून, सुकवून, गंज न धरणारं ग्रीस लावावं लागतं. स्वस्तातले बिननावाचे कॉइलओव्हर मात्र अजिबात नको, त्यापेक्षा कंपनीचे नवीन शॉकअप हजार पटीने बरे.

आता ते रबरी बफर, जे स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये अडकवतात. गाडी वर येते, खालून लागत नाही, अर्ध्या तासात काम होतं, म्हणून प्रचंड खपतात. होतं काय, तर स्प्रिंगचा एखादा वेढा काम करायचा बंद होतो, उरलेल्या वेढ्यांवर ताण येतो आणि स्प्रिंग एकूण कडक होते, शॉकअप तोच. गाडी मागून उड्या मारते, पुढे टाकले तर टॉप माउंटवर मार बसतो. सतत वापरायला मी कोणालाच सुचवणार नाही. स्ट्रटवरच्या स्पेसरने गाडी वर येते पण शॉकअप तोच राहतो, शिवाय ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) कोन वाढून त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटवर ताण येतो.

सीएनजीवाल्यांसाठी थोडं वेगळं

महाराष्ट्रात ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. बाहेरून किट बसवला की डिकीत टाकी आणि तिची फ्रेम असं कायमचं वजन येतं, एक जाडजूड माणूस रात्रंदिवस डिकीत बसल्यासारखं, आणि स्प्रिंग मात्र पेट्रोल मॉडेलचीच. कंपनी-फिटेड सीएनजी गाड्यांमध्ये मागचं सस्पेन्शन त्या वजनाप्रमाणे ट्यून केलेलं असतं. म्हणून बफर कोंबण्याआधी त्याच मॉडेलचं कंपनी-फिटेड सीएनजी व्हेरिएंट आहे का बघा, असेल तर त्याच्या मागच्या स्प्रिंगचा आणि शॉकअपचा पार्ट नंबर काढा आणि तुमच्या गाडीला बसतो का ते स्पेअर काउंटरवर विचारून खात्री करा. बसत असेल तर यापेक्षा स्वस्त आणि बरोबर उपाय नाही. उलट चूक पण होते, डिझेलचं इंजिन जड म्हणून त्याच्या पुढच्या स्प्रिंग वेगळ्या असतात, त्या पेट्रोल गाडीला टाकल्या की नाक वर होतं आणि गाडी कडक होते. पार्ट नंबर नेहमी व्हेरिएंटनुसार, "स्विफ्टचा द्या" एवढं पुरत नाही.

थार, जिम्नी आणि मंडळी

इथे लिफ्टला खरा अर्थ आहे, पण जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स मुळातच २१० मिमी आहे, त्यामुळे फक्त सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांसाठी आधी चांगले ऑल-टेरेन टायर टाकून बघा. लिफ्ट करायचीच तर ४०-५० मिमीचा स्प्रिंग-शॉकअप जुळवलेला किट घ्या, ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग अशी ऑस्ट्रेलियन नावं या क्षेत्रात जुनी आहेत. तुमच्या गाडीत कायमचं वजन किती आहे, म्हणजे विंच, स्टीलचा बंपर, छतावरचा तंबू, हे सांगूनच स्प्रिंग निवडायची. यांचे किट वजनाच्या वर्गानुसार येतात, आणि रिकाम्या गाडीला जड वर्गाची स्प्रिंग टाकली की तुम्ही विनाकारण आदळत बसाल. जिम्नीसारख्या पुढे-मागे अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत लिफ्ट केल्यावर कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग हायवेवर सैल, भरकटल्यासारखं वाटतं, त्यासाठी कॅस्टर दुरुस्त करणारे बूश लागतात, आणि पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे) ॲक्सल एका बाजूला सरकतो तोही ॲडजस्ट करावा लागतो. ब्रेकच्या होज पाइपची लांबी चाक पूर्ण खाली लोंबकळत ठेवून तपासा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या (नोंदणी पुस्तकातल्या), म्हणजे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ते आणखी ठळक झालं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ उंचीचा, त्याच जागी बसणारा शॉकअप आणि चार इंच लिफ्ट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उंची बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्वेअर पहिलं बोट तिथेच ठेवेल. वॉरंटी चालू असलेल्या गाडीला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या, काउंटरवरच्या तोंडी "काही नाही होत सर" ला किंमत नाही.

बसवताना

स्ट्रट सोडवणं घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये एवढी ताकद असते की कॉम्प्रेसर निसटला तर माणूस जायबंदी होतो, हे काम ज्याच्याकडे भिंतीला बसवलेला चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे तिथेच द्या. एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप एकत्रच बदलायचे, डावा गळाला म्हणून फक्त डावा नाही. ट्विन-ट्यूब शॉकअप बसवण्याआधी उभा धरून दोन-चारदा पूर्ण दाबून-ओढून घ्यायचा, आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. शॉकअपच्या दांड्याला पक्कड लावू दिलीत तर तिथे ओरखडा पडतो आणि तोच ओरखडा पुढे सील फाडतो.

आणि एक गोष्ट गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवा: लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या बूशचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करायचे नाहीत. चाकं लोंबकळत असताना ते आवळले की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडी उंच दिसते, कडक लागते आणि थोड्याच महिन्यांत बूश फाटतात. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे. घाईच्या गॅरेजमध्ये हे कोणी करत नाही म्हणून उभं राहून करून घ्या.

त्याच दिवशी अलाइनमेंट, उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही खाली-वर करून घ्या. नवीन स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, त्यामुळे ५०० किमीच्या आसपास परत जाऊन सगळे नट तपासा आणि अलाइनमेंट पुन्हा बघा. ॲडजस्टेबल शॉकअप असतील तर पूर्ण कडक करून तिथून क्लिक मोजत मागे या, डाव्या-उजव्याला सारखेच, पुढचे आणि मागचे क्लिक एकाच दिवशी बदलू नका. पहिल्या पायरीला जी तक्रार लिहिली होती तोच रस्ता, तोच स्पीड, तेवढीच माणसं घेऊन चालवा, दोन क्लिक बदला, पुन्हा चालवा. जुने शॉकअप आणि स्प्रिंग चांगल्या अवस्थेत असतील तर भंगारात देऊ नका, पुढचा गिऱ्हाईक बहुतेक वेळा कंपनीच्या उंचीचीच गाडी मागतो.